तोराच्या अभ्यासासाठी स्त्रियांचे मंडळ कसे सुरू करावे: ठाणे आणि नवी मुंबईतील भगिनींसाठी

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी ते पनवेल या पट्ट्यातील बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, घरांत शब्बाथचे (साप्ताहिक विश्रांतीदिवसाचे) दिवे लावणे, पेसाखच्या सणाआधी घराचा कोपरा न् कोपरा झाडून काढणे, मलिद्याचे ताट मांडणे आणि मुलांकडून 'शेमा' ही प्रार्थना पाठ करून घेणे ही कामे बहुतेक वेळा घरातील स्त्रीच करते. मात्र 'शेमा' तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांपैकी, कोणत्या ग्रंथात येतो, त्याच्या आधी आणि नंतर काय लिहिलेले आहे, असे तिला कोणी विचारले तर ती सहसा सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानांकडे किंवा घरातील एखाद्या जाणत्या पुरुषाकडे बोट दाखवते. धर्म रोज हाताने चालवणाऱ्या स्त्रीला त्याचा मूळ ग्रंथ स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे आणि त्यासाठीच हे मार्गदर्शन लिहीत आहे. त्याला रब्बी (धर्मगुरू) लागत नाही, मोठा निधी लागत नाही आणि हिब्रू येत नसले तरी सुरुवात अडत नाही. एक छोटा उतारा, एक जोडीदारीण आणि मोठ्याने वाचण्याची तयारी एवढे असले की आरंभ होतो.

अधिकाराचा प्रश्न आधीच मिटवून टाकावा

स्त्रियांनी तोरा शिकावी का, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून त्याचे उत्तर पहिल्या बैठकीतच सर्वांना माहीत असलेले बरे. हा वाद जुना आहे. मिश्ना या जुन्या नियमसंग्रहातील 'सोता' या प्रकरणाच्या तिसऱ्या अध्यायात बेन अझाई म्हणतात की पित्याने मुलीला तोरा शिकवलीच पाहिजे, तर रब्बी एलिएझेर त्याला कडाडून विरोध करतात. पुढे शतकानुशतके दुसऱ्या मताचे वजन अधिक राहिले. बाराव्या शतकात रांबाम या धर्मशास्त्रकारांनीही पित्याने मुलीला शिकवू नये असे लिहिले, पण स्त्रीने तोरा शिकली तर तिला त्याचे पुण्य लाभते हेही त्यांनी स्पष्टपणे नोंदवले. असे असूनही सतराव्या शतकात मोसुल येथे ओस्नात बर्झानी या विदुषी येशिवा, म्हणजे तोराची पाठशाळा, चालवत होत्या. १९१७ साली पोलंडमधील क्राकोव येथे सारा शेनिरेर या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने मुलींची शाळा काढली आणि तिला त्या काळच्या कर्मठ रब्बींचाही पाठिंबा मिळाला. जानेवारी २०२० मध्ये तर मिश्नावरील चर्चेचा ग्रंथ असलेल्या ताल्मुदाचे दररोज एक पान वाचण्याचे साडेसात वर्षांचे चक्र पूर्ण झाल्याचा उत्सव जेरुसलेममध्ये हजारो स्त्रियांनी एकत्र येऊन साजरा केला. आपल्याकडे पाहायचे तर स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ साली मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन करण्यात पुढाकार घेतला होता. तेव्हा ठाण्यातील चार स्त्रियांनी एकत्र बसून ग्रंथ उघडला तर त्यात कोणतीही नवी परंपरा घुसडली जात नाही.

मोठ्या बैठकीत कोणी मोठ्याने विचारत नाही, पण मनात ठेवून वर्गाला येणे टाळतात, असा आणखी एक प्रश्न आहे. मासिक पाळीत ग्रंथाला हात लावावा का? आपण महाराष्ट्रात वाढलो आहोत, त्यामुळे विटाळाची कल्पना घरात नसली तरी शेजारातून अंगवळणी पडलेली असते. याचे उत्तर ताल्मुदाच्या 'बेराखोत' प्रकरणात रब्बी येहुदा बेन बेतेरा यांच्या तोंडी आहे: तोराच्या शब्दांना अशुद्धी लागत नाही. रांबाम यांनी तर सेफेर तोरा, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, हिच्याविषयीच्या नियमांत पाळीत असलेली स्त्रीसुद्धा प्रत्यक्ष सेफेर तोरा हातात धरून वाचू शकते असे लिहिले आहे. काही समाजांत याहून कडक रिवाज पडले हे खरे, परंतु घरी बसून छापील पुस्तक वाचण्याला कोणतीही आडकाठी नाही. मंडळ चालवणाऱ्या स्त्रीने ही गोष्ट न लाजता, स्वतःहून, पहिल्याच दिवशी सांगावी. नाहीतर दर महिन्याला कोणी ना कोणी डोकेदुखीचे कारण सांगून घरी राहते.

जोडीदारीण आणि मंडळ

'पिर्के आवोत' या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात येहोशुआ बेन पेराखिया सांगतात की स्वतःसाठी गुरू कर आणि सोबती मिळव. यहुदी अभ्यासाची मूळ घडी हीच आहे. दोन जणांनी एक पान समोर ठेवून मोठ्याने वाचायचे, एकमेकांना अडवायचे, वाद घालायचे आणि पुन्हा त्याच ओळीवर यायचे. या जोडीला 'हव्रुता' म्हणतात. म्हणून मंडळात दहा जणी झाल्या तरी बैठकीचा निम्मा वेळ त्यांनी दोघी-दोघींनी बसून वाचावे आणि मगच सर्वांनी एकत्र यावे. व्याख्यान ऐकायला वीस जणी येतात, पण महिन्याभराने त्यांतील कोणालाही वचन सांगता येत नाही. जोडीने वाचलेले मात्र राहते, कारण ते स्वतःच्या तोंडून निघालेले असते.

जोड्या लावताना विचार करावा. सासू आणि सून यांची जोडी निदान पहिले काही महिने लावू नये, कारण सुनेला सासूबाईंचे म्हणणे खोडून काढणे जड जाते आणि खोडून काढल्याशिवाय हव्रुता होत नाही. मावशी-भाचीची जोडी बहुधा छान जमते. एखाद्या आजींना वाचता येत नसेल किंवा डोळ्यांना दिसत नसेल, तर त्यांची जोडी मुद्दाम कॉलेजात जाणाऱ्या मुलीशी लावावी. मुलगी वाचते, आजी ऐकतात आणि आजींच्या स्मरणात असलेली एखादी गोष्ट मुलीच्या पुस्तकातील ओळीला येऊन भिडते. हिल्लेल यांनी त्याच 'आवोत'मध्ये सांगितले आहे की लाजणारा शिकत नाही आणि चिडणारा शिकवू शकत नाही. मंडळाचा नियम म्हणून एवढे एकच वाक्य लिहून ठेवले तरी पुरे आहे.

वार, वेळ आणि जागा

शब्बाथच्या दुपारी सगळ्यांना सवड असते, परंतु शब्बाथ पाळणाऱ्या भगिनी त्या दिवशी लिहीत नाहीत, फोन उघडत नाहीत आणि गाडीने प्रवास करत नाहीत. तेव्हा चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्या दोघी-तिघींसाठीच शब्बाथची बैठक सोयीची ठरते. नवी मुंबईहून येणाऱ्यांसाठी रविवार ठरवला तर ठाणे-वाशी आणि ठाणे-पनवेल मार्गावरील मेगाब्लॉक आदल्या दिवशी पाहून घ्यावा, कारण बहुतेक वेळा वर्ग बुडतो तो आळसामुळे नाही, गाडी नसल्यामुळे बुडतो. पावसाळ्यात ठाण्याच्या आणि पनवेलच्या भगिनींनी दोन वेगळ्या ठिकाणी बसून व्हिडिओ कॉलवर जोडून घेतले तरी चालते. मात्र जोड्या समोरासमोरच बसाव्यात.

महिन्यातून एकदाच जमणार असेल तर रोश होदेश, म्हणजे हिब्रू महिन्याचा पहिला दिवस, निवडावा. हा दिवस स्त्रियांचा आहे. त्या दिवशी कामाला सुट्टी घेण्याची स्त्रियांची रीत जेरुसलेम ताल्मुदात नोंदवलेली आहे आणि 'पिर्के दे-रब्बी एलिएझेर' या जुन्या ग्रंथात तिचे कारणही दिले आहे. रानात सोन्याचे वासरू करण्यासाठी पुरुषांनी दागिने मागितले तेव्हा स्त्रियांनी आपली कर्णभूषणे देण्यास नकार दिला आणि त्याबद्दल त्यांना हा दिवस मिळाला. तो शोधणेही सोपे आहे. हिब्रू महिना आपल्या महिन्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो, म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयात अमावास्या पाहिली की रोश होदेश तिच्या आसपास एक-दोन दिवसांत येतो. नेमकी तारीख सिनेगॉगच्या कॅलेंडरवरून पक्की करून घ्यावी.

जागेसाठी सिनेगॉगची परवानगी मिळाली तर उत्तमच. ठाण्याचे 'शाआर हाशामाइम' सिनेगॉग १८७९ सालचे आहे आणि पनवेलचे 'बेथ एल' त्याच्याही तीस वर्षे आधीचे. अशा वास्तूत बसून वाचताना जो आधार वाटतो, तो खरा आहे. तरीही पहिल्या काही बैठका घरीच घ्याव्यात असे माझे मत आहे, कारण घरी चुकायची भीती वाटत नाही. चहा आणि फळे एवढाच बेत ठेवावा. यजमानीण स्वयंपाकघरात अडकली की वर्गातील एक जोडी मोडते.

कोणती पुस्तके घ्यावीत

अभ्यासाला मूळ हिब्रू आणि त्यासमोर एक भाषांतर लागते. सेफारिया या मोफत संकेतस्थळावर आणि ॲपवर संपूर्ण तनाख (हिब्रू बायबल), मिश्ना, ताल्मुद आणि राशींसारख्या भाष्यकारांचे लेखन हिब्रू व इंग्रजीत मिळते. एखाद्या वचनावर बोट ठेवले की त्यावरील भाष्ये बाजूला उघडतात. ज्यांना इंग्रजी जड जाते त्यांनी मराठी बायबलचा जुना करार वापरावा, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवून. एक म्हणजे तो ख्रिस्ती संस्थांनी छापलेला आहे, त्यामुळे ग्रंथांचा क्रम आपल्या तनाखपेक्षा वेगळा आहे आणि तळटीपांतील अर्थही त्यांच्या श्रद्धेनुसार आहेत. दुसरी म्हणजे वचनांचे क्रमांक काही ठिकाणी जुळत नाहीत. पुष्कळशा स्तोत्रांत हिब्रू ग्रंथ वरच्या मथळ्यालाच पहिले वचन मानतो, त्यामुळे मराठीतील चौथे वचन हिब्रूत पाचवे ठरते आणि दोघी जणी वेगवेगळी ओळ वाचत गोंधळून बसतात. बैठकीच्या आधी एकीने हे क्रमांक ताडून पाहावेत.

येथे पंडिता रमाबाईंचे नाव घ्यायलाच हवे. त्यांनी ख्रिस्ती श्रद्धेतून काम केले आणि आपला मार्ग वेगळा आहे, हे खरे. परंतु एका मराठी स्त्रीने हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले आणि ते तिच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले, ही गोष्ट 'या वयात आता हिब्रू कुठे शिकायची' असे म्हणणाऱ्या प्रत्येकीने ऐकावी.

आपल्या स्वतःच्या समाजाचे मराठी धर्मवाङ्मयही लहान नाही. जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हागादाच्या, म्हणजे पेसाखच्या रात्री वाचायच्या पुस्तकाच्या, चित्रांत मत्झा (बेखमीर भाकरी) तयार करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या दिसतात. अशी जुनी पुस्तके अजूनही काही घरांत माळ्यावरच्या पेटीत असतात. ती सापडली तर पाने जोराने उघडू नयेत, कसर लागली असेल तर मऊ ब्रशने झाडावीत, मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो घ्यावा आणि अभ्यास त्या फोटोवरून करावा. ज्या कागदावर देवाचे नाव हिब्रूत छापलेले आहे, तो कागद, मग ती साधी झेरॉक्स का असेना, कचऱ्यात किंवा रद्दीत जाऊ नये. मंडळाने त्यासाठी एक खोका ठेवावा आणि तो भरला की सिनेगॉगच्या स्वाधीन करावा. असे कागद दफन करण्याची आपली रीत आहे.

हिब्रू अक्षरांविषयी थोडेसेच. अक्षरे बावीस आहेत, त्यांतील पाच शब्दाच्या शेवटी रूप बदलतात आणि स्वरांच्या खुणा बहुतेक अक्षरांच्या खाली येतात. मात्रा-वेलांट्या वाचणाऱ्या आपल्या डोळ्यांना त्या खुणांची सवय लवकर होते. प्रत्येक बैठकीत दोन अक्षरे घ्यावीत आणि ती त्याच दिवशीच्या वचनात शोधावीत. देवनागरीत लिहून घेतलेली हिब्रू प्रार्थना तोंडी पाठ करायला उपयोगी आहे, पण तिच्यावर कायम विसंबून राहू नये.

पहिला उतारा: हन्ना

सुरुवात बेरेशितच्या, म्हणजे 'उत्पत्ती'च्या, पहिल्या वचनापासून करावी असे पुष्कळांना वाटते. मला ते पटत नाही. जगाच्या उत्पत्तीवर पहिल्याच दिवशी चर्चा सुरू झाली की ती विज्ञान आणि श्रद्धा यांच्या वादात अडकते आणि ग्रंथ बाजूला राहतो. त्याऐवजी पहिल्या शमुवेलाचा पहिला अध्याय घ्यावा. नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशाना या यहुदी नववर्षाच्या पहिल्या दिवशी, सिनेगॉगमध्ये हफ्तारा (संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील वाचन) म्हणून हाच भाग वाचला जातो, त्यामुळे तो कानावरून गेलेला असतो.

बैठकीच्या आरंभी तोराच्या अभ्यासाचा आशीर्वाद म्हणावा. सकाळच्या प्रार्थनेतील हे आशीर्वाद स्त्रियांनीही म्हणायचे आहेत, असे शुल्हान आरुख या नियमग्रंथात सांगितले आहे. सकाळी म्हटले असतील तर पुन्हा म्हणण्याची गरज नाही. मग एकीने संपूर्ण अध्याय मराठीत मोठ्याने, सावकाश वाचावा. कथा अशी आहे. एल्कानाला दोन बायका असतात. पनिन्नाला मुले आहेत, हन्नाला नाहीत, आणि पनिन्ना तिला दरवर्षी शिलोच्या यात्रेत टोचून बोलते. हन्ना रडते, जेवत नाही. नवरा विचारतो की मी तुला दहा मुलांपेक्षा अधिक नाही का?

येथे थांबावे आणि जोड्यांना एकच काम द्यावे: या अध्यायात कोण बोलते आणि कोण गप्प राहते, ते पेन्सिलीने खुणावून काढा. खुणा करताना एक गोष्ट हळूहळू दिसू लागते. एल्कानाच्या प्रश्नाला हन्नाने दिलेले उत्तर ग्रंथात नाहीच. सवतीच्या टोमण्यांनाही तिचे उत्तर नाही. ती उठते, मंदिरापाशी जाते, आणि ग्रंथात नोंदवलेले तिचे पहिले शब्द देवाला उद्देशून आहेत. ही गोष्ट कोणी सांगायची नसते. जोडीने ती स्वतः शोधायची असते, आणि शोधल्यावर खोलीत जी कुजबुज सुरू होते ती थोडा वेळ चालू द्यावी.

मग बारा ते अठरा ही सात वचने पुन्हा वाचावीत. हन्ना मनातल्या मनात बोलते, तिचे ओठ हलतात, आवाज ऐकू येत नाही. याजक एली तिच्या तोंडाकडे पाहतो, तिने मद्य घेतले आहे असे समजतो आणि तिला दटावतो. ती उत्तर देते की नाही, माझे स्वामी, मी दुःखी स्त्री आहे, मी मद्य प्यालेले नाही, मी परमेश्वरापुढे आपले मन ओतत आहे. एली तिला शांतीने जा असे म्हणतो. हे वाचून झाल्यावरच 'बेराखोत' प्रकरणाचे एकतिसावे पान उघडावे. तेथे रव हम्नुना म्हणतात की हन्नाच्या या वचनांतून किती मोठे नियम शिकता येतात. ती मनात बोलली, म्हणून प्रार्थना मनापासून हवी. तिचे ओठ हलले, म्हणून शब्द ओठांनी उच्चारायला हवेत. तिचा आवाज ऐकू आला नाही, म्हणून प्रार्थनेत आवाज चढवू नये. आज जगातील प्रत्येक सिनेगॉगमध्ये आमिदाची प्रार्थना ज्या पद्धतीने पुटपुटली जाते, ती पद्धत ऋषिमुनींच्या किंवा राजांच्या आचरणातून आलेली नाही, ती याजकाने दटावलेल्या एका स्त्रीकडून घेतलेली आहे. ताल्मुद एवढ्यावर थांबत नाही. तिने 'नाही, माझे स्वामी' असे म्हटले, यावरून ज्याच्यावर खोटा संशय घेतला जातो त्याने तो दूर करावा हे शिकायचे. एलीने तिला आशीर्वाद दिला, यावरून ज्याने खोटा संशय घेतला त्याने समोरच्याची समजूत घालून त्याला आशीर्वाद द्यावा हेही शिकायचे.

या बैठकीत एक काळजी अवश्य घ्यावी. मंडळात मूल नसलेली एखादी भगिनी असू शकते, आणि 'हन्नाने प्रार्थना केली म्हणून तिला शमुवेल झाला, तूही कर' असे कोणी प्रेमाने बोलून गेले तरी ते वार केल्यासारखे लागते. चर्चा चालवणारीने अशा वेळी अठराव्या वचनाकडे लक्ष वेधावे. हन्ना परत गेली, जेवली आणि तिचा चेहरा पूर्वीसारखा राहिला नाही. शमुवेलाचा जन्म त्यानंतरच्या वचनांत येतो. तिच्यात झालेला बदल मुलाच्या आधीचा आहे, कोणतेही फळ हाती येण्यापूर्वीचा आहे. प्रार्थनेने माणसाचे काय होते, याविषयी या वचनाइतके स्पष्ट काही मला तनाखमध्ये क्वचितच आढळले आहे.

भाष्याशी ओळख: सलाफहादच्या मुली

मूळ वाचण्याची सवय झाली की भाष्याकडे वळावे. फ्रान्समध्ये १०४० ते ११०५ या काळात होऊन गेलेले रब्बी श्लोमो बेन यित्झाक, ज्यांना सगळे 'राशी' या नावाने ओळखतात, त्यांचे भाष्य छोटे असते आणि बहुधा मजकुरातील एखाद्या खटकणाऱ्या जागेवर बोट ठेवते. त्यासाठी बामिदबार, म्हणजे मराठी बायबलातील 'गणना', अध्याय सत्तावीस घ्यावा. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच बहिणी मोशे, याजक एलाझार, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहतात आणि म्हणतात की आमच्या वडिलांना मुलगा नव्हता एवढ्यावरून त्यांचे नाव का पुसले जावे, आम्हाला वतन द्या. मोशे हे प्रकरण देवापुढे नेतो आणि उत्तर येते की सलाफहादच्या मुली योग्य तेच बोलत आहेत.

आता छत्तिसाव्या अध्यायातील अकरावे वचन काढून तीच पाच नावे पाहावीत. क्रम बदललेला आहे. जोड्यांनी आधी स्वतः कारण सुचवावे आणि मग राशी वाचावेत. ते म्हणतात की क्रम बदलला तो पाचही जणी सारख्याच तोलाच्या होत्या हे दाखवण्यासाठी. सत्ताविसाव्या अध्यायावर लिहिताना त्यांनी असेही म्हटले आहे की या मुलींच्या डोळ्यांनी जे पाहिले ते मोशेच्या डोळ्यांना दिसले नव्हते. छत्तिसाव्या अध्यायात या हक्काला मर्यादाही घातली जाते, त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावे असे ठरते. ती मर्यादा वगळून फक्त गोड भाग वाचू नये. आपल्या देशात यहुदी कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि त्यात मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी असा भेद नाही. तेव्हा या उताऱ्यावर चर्चा करताना एखादी भगिनी घराच्या वाटणीचा विषय काढणारच. तो जरूर निघू द्यावा, परंतु पंधरा मिनिटांनी पुस्तकाकडे परत यावे.

प्रश्न कसे काढावेत हे शिकायचे असेल तर तोराच्या शिक्षिका नेखामा लिबोविट्झ यांची पद्धत पाहावी. १९४२ पासून त्या दर आठवड्याच्या पराशावर, म्हणजे तोराच्या त्या आठवड्याच्या भागावर, प्रश्नांचे कागद तयार करून मागेल त्याला टपालाने पाठवत, आलेली उत्तरे तपासून परत करत, आणि हे काम त्यांनी सुमारे तीन दशके केले. 'या वचनात राशींना काय खटकले?' हा त्यांचा आवडता प्रश्न. आपल्या मंडळात एकीने आठवड्याला असे दोनच प्रश्न व्हॉट्सॲपवर पाठवावेत, उत्तरे कागदावर लिहून आणायला सांगावीत आणि सुंदर चित्रांचे सुविचार त्या गटावर अजिबात पाठवू नयेत.

ऐकून आलेले ज्ञान वाया घालवू नये

आपल्या आजी-पणजींना अक्षरओळख नसली तरी योसेफ, मोशे, एलियाहू हन्नाबी यांच्या कथा तोंडपाठ असत, कारण १८८० च्या सुमारास आपल्या समाजात मराठी कीर्तने सुरू झाली आणि ती घरोघरी पोहोचली. कीर्तन स्मरणात राहते, हे त्याचे मोठे बळ. मात्र कथेतील काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे कीर्तनकाराने आधीच ठरवलेले असते. म्हणून मंडळात एखाद्या आजींना पद म्हणायला लावावे, मग तोच प्रसंग ग्रंथातून वाचावा आणि पदात काय वाढले, काय गळले, ते पाहावे. आजींचा मान राहतो आणि अभ्यासही होतो.

सणांचेही असेच करता येते. पूर्वजांनी हिब्रू नावे विसरल्याच्या काळातही सण सोडले नाहीत. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या इतिहासग्रंथात नव्याचा सण, दार फाळणीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा रोजा अशी जुनी नावे नोंदवली आहेत. या नावांवरून वर्षाची आखणी करावी. होळीच्या सणाला, म्हणजे पुरीमला, एस्तेरचा ग्रंथ घ्यावा. बिरड्याच्या रोजाला, म्हणजे मंदिराच्या नाशाच्या स्मरणार्थ पाळायच्या तिशा बेआवला, विलापगीतांचे पहिले दोन अध्याय पुरेत. पेसाख आणि शाबुओथ या सणांच्या मधल्या शब्बाथांना 'पिर्के आवोत'चा एकेक अध्याय वाचण्याची जुनी रीत आहे आणि त्याचे अध्याय सहाच आहेत. याच आठवड्यांत रूथही वाचता येते. तिचे चार अध्याय आणि पंच्याऐंशी वचने आहेत, आणि शाबुओथला तीच मेगिल्ला (गुंडाळी-ग्रंथ) वाचतात. पहिल्या वर्षी एवढेच ठेवावे. चोपन्न पराशांचे संपूर्ण चक्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी राखावे, कारण दर आठवड्याचा भाग मोठा असतो आणि मागे पडलेली भगिनी पुन्हा येत नाही.

अभ्यासाचा शेवट प्रार्थनेत व्हावा, असे मला वाटते. आजारी माणसांची नावे घेऊन एखादे तेहिलीम, म्हणजे स्तोत्र, म्हणावे. रोज एकच स्तोत्र म्हणणारीने त्याचा अर्थ निदान एकदा तरी जोडीदारणीबरोबर वाचलेला असावा. मंडळात कोणी घरचे दुःख बोलून दाखवले तर ते मंडळाबाहेर जाऊ नये, हेही आधीच ठरवून घ्यावे. ठाण्यात सगळेच एकमेकांचे नातेवाईक आहेत.

काशेर (खाण्यापिण्याचे नियम), शब्बाथ, विवाह, शुद्धी यांविषयी 'मग आम्ही नेमके काय करावे' असा प्रश्न निघाला, तर मंडळाने निर्णय देऊ नये. त्या विषयावरील वचने आणि मते सर्वांनी मिळून वाचावीत, प्रश्न नीट लिहून काढावा आणि तो ज्ञात्या रब्बींकडे पाठवावा. वाचलेली स्त्री प्रश्न अधिक नेमका विचारते आणि तिला उत्तरही अधिक नेमके मिळते.

एखादा ग्रंथ पूर्ण झाला की सियुम, म्हणजे समाप्तीचा समारंभ, करावा. शेवटची काही वचने त्या बैठकीसाठी राखून ठेवावीत, घरच्या मंडळींनाही बोलवावे, ज्या भगिनीला सुरुवातीला वाचायची सर्वांत अधिक भीती वाटत होती तिला ती वचने वाचायला द्यावीत आणि प्रत्येक जोडीने आपल्याला अडलेली एक जागा सर्वांपुढे मांडावी. जेवण त्यानंतर. पुढील ग्रंथाचे पहिले वचन मात्र जेवायला बसण्यापूर्वीच वाचून घ्यावे आणि पुढच्या बैठकीची तारीख, जागा व नव्या जोड्या त्याच वेळी ठरवून टाकाव्यात.